पाचाच्या पुढे एक गायब

माझ्यासारखा गुप्तहेर या घरात पूर्वी झाला नाही आणि पुढे व्हायची चिन्हं नाहीत. शाळा दुसरीत सुटली, म्हणून काय झालं? शिकल्या-सवरलेल्यांचे चष्मे हरवले की ते माझ्याकडेच येतात. नऊ बोटांवर अख्खं घर चालवलंय मी. डब्यातलं बिस्कीट कुणी खाल्लं हे नुसत्या चालीवरून सांगते. अपराधी माणूस टाचा उचलून चालतो. आमचे हे गेली चाळीस वर्षं टाचा उचलूनच चालतायत.

तर आमच्या घरातून एक चोरीला जाऊ लागला. एक म्हणजे एक. आकडा.

झालं असं की, माझी सून पहिलीच्या पोरांना घरूनच शिकवते. बाहेरच्या खोलीत भिंतीला फळा, पुढे टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपात तीस पोरं, एकेका चौकोनात कोंबलेली. एकाचं नुसतं कपाळ दिसतं. एक मांजराला हजेरी द्यायला लावतो. स्वतःचं तोंड समोर दिसलं की सुनेला काही सुचत नाही, म्हणून तिने आपल्या चौकोनावर कागदाचा चिटोरा चिकटवलाय. मी तिच्या मागे, खिडकीपाशी खुर्चीत असते. देखरेखीला. शिकायला नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

"दोन आणि दोन किती?" सून विचारते.

"चार!" सगळी ओरडतात. शाबास.

"दोन आणि तीन?"

"चार!"

"चार आणि चार?"

"सात!"

तीसच्या तीस, एका सुरात. चारापर्यंत सगळं ठीक, पाचापासून पुढे प्रत्येक उत्तरात एक कमी. मी स्वतः प्रत्येक गणित बोटांवर पडताळून पाहिलं. माझं एकदाही चुकलं नाही.

सून रडकुंडीला आली. "आई, पालकांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केलीय. शुक्रवारी त्या स्वतः वर्गात बसणारेत. पुन्हा असंच झालं तर माझी पोरं दुसऱ्या बाईंना देणार."

"रडू नकोस. प्रकरण मी हातात घेतलंय."

"म्हणूनच रडतेय."

मी कामाला लागले. आकडे जातात कुठून? तारेतून. तार जोडली कुणी?

"अहो, तुमच्या तारेत एक अडकलाय."

"एक काय?" हे म्हणाले.

"एक. आकडा."

"मग बाकीचे कसे पोचतात?"

"तो किरकोळ अंगाचा असतो. सांदीत बसतो."

मी तार धरून चांगली झटकली. वर्ग बंद पडला. पोरांना सुट्टी मिळाली आणि मला सुनेची नजर.

मग संशय गेला दोन वेण्यांवर. ही पोरगी वरच्या कोपऱ्यात बसते आणि सगळ्यांच्या आधी तोंड उघडते. म्हटलं, हीच म्होरकी, बाकीचे हिची री ओढतात. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला, ती आलीच नाही. उरलेले एकोणतीस म्हणाले, चार आणि चार सात. म्हणजे टोळी मोठी होती!

तिसरा संशय सांगायला जड जातं, पण गुप्तहेराला नातं नसतं. सुनेला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, तुला स्वतःला पाच येतात ना?"

"आई," ती म्हणाली, "आज स्वयंपाक तुम्ही करा."

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई पडद्यावर आल्या. आवाज असा, की माझी पाठ आपोआप ताठ झाली. मी माझ्या जागेवर, नेहमीसारखी पाळतीवर.

"तीन आणि चार किती?" मोठ्या बाईंनीच विचारलं.

"सहा!"

सुनेची मान खाली गेली. तेवढ्यात तापातून उठलेल्या दोन वेण्या म्हणाल्या, "पण आजी सहाच दाखवतायत."

"कोण आजी?"

"बाईंच्या मागच्या. उत्तरं दाखवणाऱ्या."

"आम्ही रोज त्यांचंच बघतो," कपाळ म्हणालं.

सुनेने चिटोरा ओढून काढला. चौकोनात तिच्या खांद्यामागे खिडकी, खुर्ची, आणि खुर्चीत मी. दोन्ही हात वर.

आता लपण्यात अर्थ नव्हता. मी पुढे झाले आणि उजवा पंजा पडद्यासमोर धरला. "सहा नव्हे, सात. एक, दोन, तीन, चार, आणि ही पाचवी करंगळी. लहानपणी दारात सापडली, तेव्हा गेली. दिसत नाही म्हणून काय मोजायची नाही? या हाताची दोन. झाले सात. माझं गणित बरोबरच होतं. तुमची बघण्यात चूक."

मोठ्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. खांदे हलत होते. मग म्हणाल्या, "बाई, मुलं तुमच्याकडेच राहतील. पण आजींची खुर्ची तिथून हलवा."

"हलवते," सून म्हणाली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

सोमवारी बाहेरच्या खोलीत आले तर खिडकीपाशी खुर्ची नाही. ती लॅपटॉपच्या पलीकडे, सुनेच्या समोर मांडलेली. पोरांना मी दिसणार नाही, मला फळा दिसेल, अशी. खुर्चीवर पाटी आणि पेन्सिल.

सुनेने हजेरी घेतली. तिसावं नाव झालं, तरी तिने वही मिटली नाही.

"आणि आई?"

हे दारातून टाचा उचलून चालले होते, ते जागीच थांबले.

"हजर," मी म्हटलं.

पट एकतीस भरला. हा जास्तीचा एक कुठून आला, याचा तपास मी हातात घेतलेला नाही.