सुगंधा चिचुंद्री विमा काढून बारशाला जाते

एका जंगलात, मुलांनो, रस्ता अजून झाला नव्हता, पण प्रवासाचा विमा मात्र आला होता. त्या जंगलात सुगंधा नावाची एक चिचुंद्री राहायची.

चिचुंद्रीचं नाव सुगंधा कोणी ठेवलं, असं विचारू नका. आत्याने ठेवलं. त्या जंगलात आत्या म्हणेल ते नाव. आत्याने कानात कुर्र केल्याशिवाय बाळाचं बारसं होत नसे.

आता सुगंधा स्वतः आत्या झाली होती. ओढ्यापलीकडच्या उसात तिच्या भावाला, विनूला, मुलगा झाला होता. ‘बारसं शनिवारी संध्याकाळी. आत्याबाईंनी पोराबाळांसह यायचं आहे,’ असा वहिनीचा निरोप आला होता.

सुगंधा शिकलेली होती. शिकलेल्या आईला एक खोड असते. जे घडलेलंच नाही ते तिला सगळ्यात स्पष्ट दिसतं. तशी चिचुंद्र्यांची नजर अधूच. नाकासमोरचा दगड दिसत नाही. पण शनिवारी ओढ्यात वाहून जाणारं पोर सुगंधाला सोमवारपासूनच, मिशांसकट, दिसायला लागलं.

चिचुंद्र्यांची चालायची एक पद्धत आहे. आई पुढे. पहिलं पिल्लू आईची शेपटी दातात धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची. सुगंधाची पिल्लं चार. सगळ्यात शेवटी ठकू. ठकूची शेपटी धरायला मागे कोणीच नाही.

“अहो, ठकू मागच्या मागे सुटली तर?” सुगंधाने नवऱ्याला विचारलं.

“सुटत नाही गं. माझी आजी अशीच चालत मोठी झाली.”

“तुमच्या आजीला बहिणी होत्या ना?”

“होत्या म्हणतात.”

“होत्या,” सुगंधा म्हणाली. “बघा.”

नवऱ्याला धान्याच्या कोठारात कामाला जायचं होतं. तो गेला. सुगंधा सरडेरावांकडे गेली.

सरडेराव निवडुंगाच्या कुंपणावर बसून विमे विकायचे. सुगंधाने पानात बांधलेली वाळवी पुढे ठेवली आणि विचारलं, “पोर पाण्यात पडलं तर?”

सरडेरावांनी मान हलवली. वर-खाली.

“घुबडाने झडप घातली तर?”

मान जोरात हलली.

“आणि बारशाला पोचायला उशीर झाला तर?”

मान इतकी हलली की सुगंधाला भोवळ आली.

“म्हणजे सगळं बसतं म्हणा ना विम्यात!”

“एक लक्षात ठेवा, ताई,” सरडेराव म्हणाले. “काही झालं की आधी मला हाक मारायची. हाक नाही, तर भरपाई नाही.”

सुगंधाचा जीव भांड्यात पडला. चिचुंद्रीचा जीव लहान, भांडंही लहान, त्यामुळे तो लवकर बाहेरही येतो. पण शनिवारपर्यंत टिकला.

शनिवारी दुपारी निघताना तिने पोरांना बजावलं, “काय वाटेल ते झालं तरी तोंड उघडायचं नाही. शिंक आली तर गिळायची.”

वरात निघाली. जरा पुढे गेल्यावर सुगंधाने विचारलं, “ठकू, आहेस ना गं?”

उत्तर नाही. तोंड उघडायचं नाही, असं आईनेच सांगितलं होतं.

“ठकू?”

सुगंधाने मान वळवून हुंगलं. पण पोरं चिचुंद्रीची, चौघांचा वास सारखा. ती आणखी वळली. आणखी वळली. आणि एकदाची तिच्या नाकाला एक शेपटी लागली. बारीक, कोवळी, टोकाला जराशी वाकडी. ठकूचीच!

सुगंधाला कोण आनंद झाला. आता ही पुन्हा हरवायला नको म्हणून तिने ती शेपटी हळूच दातात धरली आणि ती पुढे चालू लागली.

मुलांनो, तुमच्या लक्षात आलं असेल. सुगंधाच्या आलं नाही. ती शिकलेली होती.

कुंपणाजवळच्या एका दगडाभोवती ते सगळे चालत राहिले. इतका सुरळीत प्रवास तिने जन्मात केला नव्हता. सगळी पोरं हाताशी. ओढा अजून आला नव्हता, हेही एका परीने बरंच होतं.

दगडावर एक बेडूक बसला होता.

“काय हो बाई, प्रदक्षिणा का? कुठला देव पावला?”

सुगंधा बोलली नाही. तोंडात शेपटी होती.

“नवस मोठा दिसतोय,” बेडूक म्हणाला. “पोरांना घेरी आलीय, तरी बाई थांबत नाहीत!”

काय हा खेडवळ बेडूक, असं सुगंधाला वाटलं. पण ऊन मघाशी डाव्या गालावर होतं. मग ते उजव्या गालावर आलं. मग पुन्हा डाव्या. सूर्य असा का करतोय? याचा ती बराच वेळ विचार करत राहिली. आणि मग तिच्याही लक्षात आलं.

अपघात! आपला अपघात झालाय! सरडेराव काय म्हणाले होते? आधी हाक.

सुगंधाने तोंड उघडलं आणि ओरडली, “सरडेराव!”

तोंड उघडलं तशी शेपटी सुटली. शेपटी सुटली तसा फेरा तुटला. अपघात संपला.

सरडेराव धावत आले, ते कुंपणापर्यंत.

“काय झालं, ताई?”

“आम्ही गोल गोल फिरत होतो.”

“आता फिरताय?”

“आता नाही. पण बारशाला उशीर झाला ना! उशीर बसतो म्हणाला होतात.”

“पुराने झालेला बसतो. वाटेत झाड पडून झालेला बसतो. पोराची शेपटी चावून झालेला बसत नाही.”

“मला नीट दिसत नाही हो!”

“कधीपासून?”

“जन्मापासून.”

“मग तो जुना आजार. जुना आजार बसत नाही.”

“ठकूच्या शेपटीवर वळ उठलेत, ते तरी?”

“दात कोणाचे?”

सुगंधाने ओठ मिटून दात झाकले.

“शिवाय प्रवास म्हणजे इथून तिथे जाणं,” सरडेराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुम्ही इथून इथेच आलात. प्रवास सुरूच झाला नाही, तर प्रवासातलं नुकसान कसं बसेल?”

“मग आता ओढ्यावर काही झालं तर?”

“ते कुंपणापलीकडे. आमची धाव कुंपणापर्यंत, ताई. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, ही म्हण नव्हती माहीत?”

“मग त्या दिवशी मान का हलवत होतात?”

“आम्ही सरडे. आमची हलते,” ते म्हणाले, आणि पुन्हा हलली.

“बसतं तरी काय मग?” सुगंधाने अगदी बारीक आवाजात विचारलं.

सरडेरावांनी बराच विचार केला. दोनदा रंग बदलला.

“जे झालं नाही,” ते म्हणाले, “ते सगळं बसतं.”

ऊन उतरायला लागलं होतं. परत फिरावं, तर तिकडे भाच्याचं बारसं आत्याविना. पुढे जावं, तर विम्याशिवाय ओढा. सुगंधाने शेपटी मागे केली. “धरा रे,” म्हणाली आणि निघाली. मागे वळून बघायची तिला आता छातीच नव्हती. वळलं की काय होतं, ते कळलं होतं. पाणी मिशांना लागलं, तेव्हा तिने डोळे मिटले. तसाही त्यांचा फारसा उपयोग नव्हता. शेपटीला मागून ओढ लागत होती, तेवढ्यावर ती ओढा पार करून गेली.

उसात पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. पाळणा ऐकू येत नव्हता. घुगऱ्यांचा वास नव्हता. सगळीकडे सामसूम.

“झालं बारसं,” सुगंधा मटकन खाली बसली. “शेजारच्या घुशीणबाईंनी नाव ठेवलं असणार. काय ठेवलं असेल, देव जाणे!”

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. कंबरेला पदर खोचलेला.

“अगंबाई, वन्सं! आजच पोचलात?”

“बारसं...?”

“बारसं उद्या आहे.”

“निरोप शनिवारचा होता!”

“तुम्हाला शनिवारचा,” वहिनी म्हणाली. “बाकीच्यांना रविवारचा.”

मागे उभा असलेला विनू स्वतःच्या नखांकडे बघत राहिला.

“आमच्या लग्नाला कधी आला होतात, वन्सं?”

“...पंगती उठल्यावर.”

“मग? आत्या नाही तर नाव नाही. मी ह्यांना म्हटलं, वन्संना एक दिवस अलीकडचाच सांगा.”

सुगंधाला आधी राग आला. मग रडू आलं. मग भूक लागली. चौघं पोरं आडवी झाली, तोंडं गच्च मिटूनच.

दुसऱ्या दिवशी सुगंधाने भाच्याच्या कानात कुर्र केलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. वहिनीचा जरा जोरात बसला.

निघायच्या दिवशी सुगंधाने पुन्हा विचारलं, “वहिनी, परतीच्या वाटेत काही झालं तर?”

“मी भावजींना निरोप धाडलाय, तुम्ही बुधवारी पोचाल म्हणून.”

“पण मी तर आज सोमवारीच निघतेय!”

“हो ना,” वहिनी म्हणाली, आणि तिने घुगऱ्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.

तात्पर्य : मुलांनो, सरडा एक शब्दही खोटा बोलला नव्हता. म्हणून प्रवासाला निघताना नेहमी खरं बोलणाऱ्यांपासून सावध राहावं, आणि घरात वेळेवर खोटं बोलणारी एक तरी वहिनी असावी.