बघे वझेकाका

वझेकाका आठवड्यातून दोनदा, दुपारचं जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालतात, पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरच्या खिशात ठेवतात आणि सिंगापूरच्या बिशान स्टेशनवरून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून कॅसिनोत जातात. तिथे ते काहीही खेळत नाहीत. दोन-अडीच तास लोकांचा खेळ बघतात, फुकट मिळणारा चहा पितात आणि नात शाळेतून यायच्या आत घरी परततात.

ते आमच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, दोन मजले वर राहतात. काकू गेल्यावर मुलानं, अमेयनं, त्यांना डोंबिवलीहून इकडे आणलं. तिकडे ते टपाल खात्यात होते, पण त्यांची खरी कारकीर्द कॅरमच्या पंचाची. स्पर्धा कुठेही असो, टेबलाशी खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसायचे आणि डाव संपेपर्यंत खोकायचेही नाहीत म्हणे. सिंगापूरला कॅरमच्या स्पर्धा त्यांना सापडल्या नाहीत. कॅसिनो सापडला.

"अहो काका, पण स्वतः न खेळता नुसतं काय बघायचं?" असं मी एकदा विचारलं.

"गाणं ऐकायला जाता तेव्हा स्वतः गाता का?" ते म्हणाले. "मग. बघ्यालाही काही अब्रू असते."

ही अब्रू म्हणजे नियमांचं एक अख्खं शास्त्र आहे, हे मला माझा मेव्हणा नाशिकहून आला तेव्हा कळलं. त्याला कॅसिनो बघायचा होता, म्हणून आम्ही दोघं काकांबरोबर निघालो. काकांनी बिशान स्टेशनपासूनच त्याची शिकवणी सुरू केली. टेबलाच्या कडेवर हात ठेवायचा नाही. खेळणाऱ्याच्या मागे दीड हात सोडून उभं राहायचं, आपला श्वास त्याच्या मानेवर लागता कामा नये. खुर्ची रिकामी असली तरी बसायचं नाही, ती खेळणाऱ्याची. मोबाईल खिशात. कुणी हरलं तर चुकचुकायचं नाही, जिंकलं तर दात काढायचे नाहीत. आणि काही झालं तरी खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा नाही. चिनी लोकांत तो मोठा अपशकुन.

"आणि हे पुस्तक?" काकांनी मेव्हण्याच्या हातातल्या पर्यटकांच्या मार्गदर्शिकेकडे बोट दाखवलं. "हे पिशवीत घाला. त्यांच्या भाषेत पुस्तक आणि खेळात हरणं यांचा उच्चार सारखा आहे."

मेव्हण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आत गेल्यावर दहा मिनिटांत विसरला. एक म्हातारे गृहस्थ बाकारा नावाच्या पत्त्यांच्या खेळात पत्त्याचा कोपरा नखानं हळूहळू वर उचलत होते. चेहऱ्यावर असा भाव, की जणू पाळण्यातलं मूल जागं होईल. मेव्हणा त्यांच्या खांद्यावरून वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "नव्वा दिसतोय."

नव्वा नव्हता. त्या गृहस्थांनी मागे वळून जे पाहिलं ते मराठीतच होतं असं वाटलं. काकांनी मेव्हण्याला कोपराला धरून बाहेर काढलं, परत आत जाऊन टेबलासमोर किंचित झुकून माफी मागितली. परतल्यावर बिशान स्टेशनच्या फाटकातून बाहेर पडताना फक्त म्हणाले, "तुमचे पाहुणे क्रिकेटला ठीक आहेत."

असं सगळं छान चाललं होतं. मग अमेय सिंगापूरचा नागरिक झाला आणि त्यानं वडिलांच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, अर्ज करायचं ठरवलं. काका नाही म्हणाले. का, ते सांगेनात.

घरात अबोला झाला. अमेय एके संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला. "बाबांना परत जायचंय बहुतेक," तो म्हणाला. "इथे त्यांचं मन रमलंच नाही. मला वाटत होतं रमलंय."

दुसऱ्या दिवशी मी काकांना खाली बाकावर गाठलं. समोरच्या कुंड्यांकडे बघत ते म्हणाले, "परदेशी माणूस पासपोर्ट दाखवून कॅसिनोत फुकट जातो. पीआर झालो की दर खेपेला फी. आणि ती काही चहापाण्याची फी नाही. मुलाच्या पैशानं मी हे चोचले करू?"

"काका, एवढ्यासाठी तुम्ही पीआर नाकारताय?"

"तुम्ही उद्या माझ्याबरोबर या," ते म्हणाले.

माझा अजून एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे मीही परदेशी आणि फुकटातला. रजा टाकून गेलो. काका सरळ कोपऱ्यातल्या एका लहान पैजेच्या टेबलाशी गेले आणि दीड हात मागे उभे राहिले. तिथे आखूड केसांची एक चिनी बाई बसली होती. त्यांच्याच वयाची, मनगटात हिरवी बांगडी. पत्ते तिच्यापुढे आले. ती लगेच उघडेना. तिनं मान वळवून मागे पाहिलं, काका आहेत याची खात्री केली. काकांनी इंचभर मान हलवली. मग तिनं पत्ता उचलला.

"दर वेळी असंच?" मी कुजबुजलो.

"दर वेळी."

"कोण आहेत या?"

"माहीत नाही. खेळणाऱ्याशी बोलायचं नसतं."

परतताना गाडीत त्यांनी सांगितलं. मध्यंतरी नागीण झाली म्हणून ते बरेच दिवस गेले नव्हते. बरे होऊन गेले, तर त्या बाईनं त्यांच्याकडे बघून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. एवढा उशीर, अशा अर्थानं.

"म्हणजे ती वाट बघत होती," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बोगदा होता.

मी हे अमेयला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. त्याच आठवड्यात तो वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या इथे राहायच्या पासची मुदत संपत आली की मला झोप लागत नाही. एकदा नाही मिळाला तर तुम्ही तिकडे एकटे. मी इथून काय करणार?" काकांनी पेन मागितलं आणि जिथे जिथे तो म्हणाला तिथे सह्या केल्या.

यथावकाश मंजुरीचं पत्र आलं. अमेयनं पेढे वाटले. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. दुपारी काका माझ्या दारात उभे. "उद्या ते ओळखपत्र घ्यायला जायचंय. आज शेवटचा दिवस. जरा सोबत चला."

चेहरा असा, की मी ऑफिसला फोन करून मोकळा झालो.

बाई टेबलावर होती. ती चहाला उठेल तेव्हा सांगू, असं काकांनी ठरवलं होतं. ती उठेना. डावामागून डाव गेले. नातीची शाळा सुटायची वेळ झाली. काकांनी दोनदा घसा खाकरला, हे मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. आणि मग, एक डाव संपून पत्ते गोळा होत असताना, वझेकाका दीड हात ओलांडून पुढे गेले आणि म्हणाले, "मॅडम."

अख्ख्या टेबलानं मान वर केली. पत्ते वाटणाऱ्याचा हात थांबला.

"एक्स्क्यूज मी. टुमॉरो आय ॲम नॉट कमिंग. नेव्हर कमिंग. प्लीज डोन्ट वेट."

बाई खुर्चीत पूर्ण वळली. "व्हाय? यू सिक, आह?"

"नो, नो. पीआर."

ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "ऑल धिस टाइम आय थिंक यू पोलीस," ती म्हणाली. मग तिनं आपली पिशवी उचलली, टेबलावरून उठली आणि विचारलं, "यू स्टे व्हेअर?"

ती बिशानलाच राहत होती. आमच्यापासून तीन ब्लॉक सोडून. मुलं ऑस्ट्रेलियात, नवरा गेलेला, घरी टीव्हीशिवाय आवाज नाही. इतके दिवस दोघं एकाच स्टेशनवरून येत होती आणि एकाच स्टेशनवर उतरत होती. त्या दुपारी आम्ही तिघं एकाच डब्यातून परतलो. मी दरवाजापाशी उभा राहिलो.

आता सकाळी ब्लॉकखाली म्हातारे चिनी बुद्धिबळ मांडून बसतात, तिथे ही दोघं मागे उभी असतात. बाई प्रत्येक चालीवर मोठ्यानं मत देते. काका तिला गप्प करायला बघतात. ती ऐकत नाही, आणि कॅरमच्या कुठल्याही पंचानं बाहेर काढावं असं तिचं वागणं काका निमूट चालवून घेतात.

परवा मी ऑफिसला निघालो होतो, तर त्यांनी मला थांबवलं.

"त्या दिवशी गाडीत तिनं मला नाव विचारलं," ते म्हणाले. "तुम्हाला ऐकू आलं असेल."

"नाही, मी लांब होतो."

"इथे मला सगळे अमेयचे बाबा म्हणतात. नातीच्या शाळेत आजोबा. तुम्ही काका म्हणता, त्यात काही वाईट नाही. पण नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं हो."

तेवढ्यात पटाशेजारून बाईनं वळून हाक मारली. "प्रभाकर, कम, कम."

"आलो," वझेकाका म्हणाले, मराठीत, आणि गेले.