कादंबऱ्यांचे कंपाउंडर

वामनराव कंपाउंडरांकडून कादंबरी परत आली, की तिच्यात एकही माणूस धडधाकट उरलेला नसे. समासात पेन्सिलीने निदान लिहिलेलं: ‘नायक – न्यूनगंड. सासू – लहानपणी कौतुक झालेलं नाही.’ खलनायकाला तर चक्क उपचार: ‘पहाटे चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरवावे.’

मी तेव्हा बोईसरच्या शाळेत मास्तर होतो आणि गावातलं वाचनालय संध्याकाळी मीच उघडत असे. वामनराव मूळचे सफाळ्याचे. इथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं लाल मिक्स्चर ढवळत होते. कुठल्याशा रद्दीत त्यांना मानसशास्त्राचं पुस्तक मिळालं. त्याची पहिली चाळीस पानं गायब होती, त्यामुळे निरोगी मन कसं असतं ते त्यांना कधी कळलंच नाही. पुढचे सगळे रोग मात्र तोंडपाठ.

“मास्तर, मुळाशी जावा,” हे त्यांचं पालुपद. “मानूस उगाच वाईट वागत नाय.”

दवाखान्यातही हेच. दांडी गावची एक कोळीण खोकल्याचं औषध न्यायला आली, तर बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवता चिकटवता हे तिला म्हणाले, “कुमुदिनीला तीन रात्री झोप नाय. नवरा संशयी हाय.” पुढच्या खेपेला बाईने फडक्यात सुके बोंबील बांधून आणले. “तुमच्या कुमुदिनीला द्या. बिचारी खाते का नाय, कोन जाने!” वामनरावांनी ते घेतले आणि कादंबरीतल्या कुमुदिनीच्या वतीने खाल्लेही.

इथवर ठीक होतं. पण एका रहस्यकथेच्या बाराव्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘खुनी हाच. कारण – बापाचा धाक.’ ते पुस्तक नेमकं वीजकेंद्राच्या बांधकामावरच्या एका साहेबांच्या हाती पडलं. साहेब कडाडले. वाचनालयाच्या कमिटीने ठराव केला: रविवारपर्यंत सगळं लिखाण खोडा, नाहीतर सभासदत्व रद्द.

“मास्तर, नाव तेवढं कापू नका,” वामनराव काकुळतीला आले. “बाकी काय पन सांगा.”

रविवारी दुपारी ते रबर घेऊन हजर. आम्ही दोघं समोरासमोर खोडायला बसलो. सासवा, नायक, खुनी भराभर बरे होऊ लागले. वामनराव मध्येच हळहळत, “याला आत्ता कुटं गुण येत होता!”

माझ्या हाती एक फाटकी कादंबरी आली. तिच्यात एक थोरला भाऊ होता, भावंडांची लग्नं लावून देऊन मागे एकटा राहिलेला. अख्ख्या कादंबरीत त्याला दोनच पानं. त्याच्या समासात रोगाचं नाव नव्हतं. बारीक अक्षरात एवढंच लिहिलेलं: ‘याला काही झालेलं नाही. याची चौकशी करायला कोणी येत नाही.’

वामनरावांची भावंडं मुंबईला असतात, एवढं मी ऐकून होतो. माझ्या बायकोच्या गुडघ्याची विचारपूस ते दर आठवड्याला करायचे. मी मात्र इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या खोलीवर गेलो नव्हतो. मला माझीच लाज वाटली.

मी रबर खाली ठेवलं. “वामनराव, तब्येत कशी आहे?”

“कोनाची?” म्हणत त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.