पूर्णेला निःपक्षपाती बातमी हवी होती

निःपक्षपाती बातमी ही माणसाची मूलभूत गरज आहे. अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्यानंतर तिचा क्रमांक लागतो. पूर्णा जंक्शनवर तो चहाच्याही वर लागतो. आमच्या फुटबॉल रसिक मंडळाने याची रीतसर पाहणी केली, तेव्हा शंभरपैकी एकशे चार रसिकांनी आपल्याला खरी बातमी हवी असल्याचे सांगितले. (चौघांनी दोनदा मत दिले. सत्याची ओढच तशी होती.)

मी या मंडळाचा सचिव. अध्यक्ष बन्सीधरकाका, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी हिरवा आणि लाल हे दोनच रंग पाहिले, त्यामुळे कोणत्याही विषयावर त्यांचे मत चटकन बनते.

पाहणीची वेळ आली ती परभणीहून निघणाऱ्या ‘दैनिक दुधनाकाठ’मुळे. या दैनिकाच्या क्रीडापानावर परभणीच्या संघाचे लाड घरच्या लेकरासारखे होतात. त्या संघाचा खर्च उचलणारे कापड दुकानदार हेच दैनिकाचे सर्वांत मोठे जाहिरातदार आहेत. पण या दोन गोष्टींचा संबंध जोडणे बरे नव्हे. (तो आधीच जोडलेला आहे. दुकानदार संपादकांचे साडू लागतात.) एका हिवाळ्यात आमच्या जंक्शन संघाने परभणीला तीन-शून्य असे हरवले. दुसऱ्या दिवशी मथळा होता, ‘तीन गोल खाऊनही परभणी खचली नाही’. बातमीत पूर्णेचे नाव एकदाच आले, तेही सामन्याचे ठिकाण म्हणून.

ती बातमी पाठवली होती रेणुका खिल्लारे हिने. ती आमच्याच गावची. वडील रेल्वेत फिटर. पोरीला सायकलच्या दांडीवर बसवून मॅच बघायला न्यायचे. त्यामुळे तिला खेळ कळायचा. (क्रीडा वार्ताहरासाठी ही अट सक्तीची नाही.) तिने पाठवलेल्या मजकुरातले फक्त तिचे नाव जसेच्या तसे छापून आले होते. ते पाहून तिने राजीनामा दिला आणि ‘शिट्टी’ सुरू केली.

‘शिट्टी’ म्हणजे दर रविवारी संध्याकाळी फोनवर येणारा सामन्याचा वृत्तान्त. जाहिरात नाही, साडू नाही, फक्त वर्गणीदार. मंडळाने एकमताने पाठिंबा दिला. काकांनी भाषणात सांगितले की, फुकटची बातमी फुकटच्याच लायकीची असते आणि ज्याला सत्य पाहिजे त्याने खिशात हात घातला पाहिजे. टाळ्या झाल्या. हात मात्र टाळ्या संपल्यावरच खिशाकडे गेले.

पुढचे काही आठवडे पत्रकारितेचे सुवर्णयुग होते. आमचा संघ जिंकत होता, रेणुका तसे लिहीत होती. इतकी सखोल, इतकी निर्भीड लेखणी मराठवाड्यात झाली नाही, असे मंडळाचे मत पडले. तिचा धाकटा भाऊ सिद्धोधन आमचा गोलरक्षक. त्याने अडवलेल्या फटक्यांविषयी तिने लिहिले, तेव्हाही कोणाला पक्षपात दिसला नाही. सत्य आपल्या बाजूचे असले की ते ओळखायला सोपे जाते.

मग आमच्याच मैदानावर परभणीशी अंतिम सामना झाला. ऊन कलले होते. उत्तरार्धात परभणीच्या एका पोराने लांबून साधा फटका मारला. चेंडू सिद्धोधनच्या हाताला लागला, सुटला आणि लोळत आत गेला. आम्ही एक-शून्य हरलो.

‘शिट्टी’ने लिहिले, ‘फटका साधा होता. गोलरक्षक सिद्धोधन खिल्लारेने हात उशिरा नेला. या मोसमात लांबून आलेल्या चेंडूंवर त्याचे असे वरचेवर होत आहे.’

‘दुधनाकाठ’ने आपल्या पोराची आरती ओवाळली होती, ‘बंदुकीच्या गोळीसारखा फटका! जगातला कोणताही गोलरक्षक तो अडवू शकला नसता.’

पूर्णेच्या रसिकांनी दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून शांतपणे विचार केला. जगातला कोणताही गोलरक्षक अडवू शकला नसता म्हणजे आमचाही नसता; म्हणजे आमची चूक नाही. ज्या दैनिकात आम्ही वर्षभर भजी बांधून नेली, त्याचे अंक त्या दिवशी स्टेशनवर सकाळीच संपले. हॉटेलवाल्या उमाजीने कात्रण गल्ल्यामागे चिकटवले. एवढ्या समतोल वृत्तीचे दैनिक आपल्या जिल्ह्यात आहे, याचा अनेकांना अभिमान वाटला.

रेणुकाला मंडळाच्या बैठकीला बोलावले. ती आली, सोबत सिद्धोधनही आला. आरोप दोन होते. एक, ती परभणीला फितूर आहे. दोन, आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवण्यासाठी ती सख्ख्या भावाविरुद्ध पक्षपात करते.

काका गंभीरपणे म्हणाले, “रेणुका, आमी तुला निःपक्षपातीपणाची वर्गणी दिली. त्यात आमचा पक्ष कुठं हाय?”

“काका, बॉल हातातून सुटलेला तुमी बी पाहिला.”

“पाहिला की. जे आमी पाहिलं, तेच वाचायला वर्गणी कशाला द्यायची?”

तिचा चेहरा पडला. भावाबद्दलची ती दोन वाक्ये लिहिताना तिने तीनदा खोडली होती, हे नंतर तिच्या आईकडून, सगुणाबाईंकडून कळले. पोरगा त्या दिवसापासून बहिणीशी बोललेला नव्हता आणि घरात आई दोघांना वेगवेगळे वाढत होती.

आता तो उठून उभा राहिला. आम्हाला वाटले, बहिणीचा समाचार घेणार. तो खाली बघत म्हणाला,

“अक्कानं लिवलं ते खरं हाय. मला बॉल नीट दिसंना गेलाय. लांबून एकाचे दोन दिसायलेत. वर्ष झालं.”

सगळे सावरून बसले. कारण सिद्धोधन फक्त गोलरक्षक नव्हता. तो सकाळी शाळेची व्हॅन चालवत होता आणि तिच्यात आमची लेकरे बसत होती.

“तुमी समद्यांनी म्हणलं, कुणीबी अडवला नसता,” तो म्हणाला, “तवा मला लय बरं वाटलं. म्हणलं, मंग डोळे ठीकच असतील. पण अक्का वरचेवर म्हणून लिवती म्हणल्यावर झोप लागंना.”

रेणुकाने त्याच्या हातातून व्हॅनची किल्ली काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी सांगितले की बुबुळाचा आकार बिघडत चालला आहे. वेळेवर आलात, आणखी वर्षभर काढले असते तर गेलेली नजर परत आणता आली नसती. उपचार झाले, खास लेन्स बसली, आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत व्हॅन मंडळातल्या धम्मानंदने चालवली. सगुणाबाई दोघांना पुन्हा एकत्र वाढू लागल्या.

मंडळाने या घटनेची तातडीने दखल घेतली. ठराव मंजूर झाला की, गोलरक्षकाला चेंडू दिसतच नव्हता, सबब तो गोल रद्द धरून सामना पुन्हा खेळवावा. (प्रत परभणीला पाठवली. उत्तर आलेले नाही, यावरून त्यांच्याकडे उत्तर नाही हे सिद्ध होते.) दुसऱ्या ठरावाने रेणुकाचे अभिनंदन केले. तिसऱ्याने वर्गणी बंद केली.

व्हॅनमध्ये ज्यांची लेकरे बसत होती, त्यांनीसुद्धा वर्गणी बंद केली. मी त्यांना कारण विचारले. डोळ्यांचे काम झाले, आता काय वाचायचे, असे त्यांचे म्हणणे पडले.

‘शिट्टी’ मात्र बंद पडली नाही. पूर्णेचा पराभव तिने लपवला नाही हे कळताच परभणीकरांनी धडाधड वर्गणी भरली आणि इतकी निर्भीड लेखणी मराठवाड्यात झाली नाही, असे त्यांचेही मत पडले. पुढच्या मोसमात परभणी हरली. रेणुकाने तसे लिहिले. आता तिच्याकडे मोजके वर्गणीदार उरले आहेत. एक सिद्धोधन, तो लेन्स लावून परत गोलमध्ये उभा राहतो आणि आपल्या चुका रविवारी वाचतो. दुसरे ‘दुधनाकाठ’चे संपादक, कारण काय झाले नाही ते छापायचे, तर काय झाले ते आधी नेमके माहीत असावे लागते. ते वर्गणी वेळेवर भरतात.

रेणुका यावर नाराज दिसत नाही. मैदानाच्या कडेला उभी राहून ती लिहीत असते. काका तिला बसायला खुर्ची पाठवतात आणि तिने काय लिहिले ते संपादकांच्या बातमीवरून उलटे वाचून ओळखतात.

ही हकीकत मंडळातर्फे प्रसिद्ध करताना मी वाचकांच्या सोयीसाठी तिच्या दोन प्रती तयार केल्या. एकीत पूर्णेच्या लोकांचे हसे होते. दुसरीत हीच माणसे, हेच प्रसंग. फक्त हसे वाचणाऱ्याचे होते. निःपक्षपातीपणे दोन्ही पुढे ठेवल्या आणि ज्याची त्याने निवडावी असे सांगितले. दुसरी प्रत अद्याप एकानेही मागितलेली नाही. आपल्या हातात पहिली आहे.