तिसऱ्या दिवसाचं दुखणं

शाळेच्या क्रीडादिनी बापांच्या शर्यतीत धावायचं, हे नोबुतेरू कुराहाशी यांनी स्वतःच ठरवलं. नगरपालिकेच्या पाणी विभागात बावीस वर्षं खुर्ची उबवलेल्या माणसाला असा आग्रह कुणी करत नाही.

शनिवारी ते साठ मीटर धावले. (खरं तर चोपन्न. उरलेले सहा छातीवर घसरत गेले.) तरी पाचवे आले, कारण सहावा बाप त्यांनाच अडखळून पडला.

"नंबराचं राहू द्या," त्यांची बायको तोमोए म्हणाली. "अंग कधी दुखतं ते बघू. उद्या दुखलं तर अजून तरुण आहात. परवा दुखलं तर म्हातारे झालात, पुढच्या वर्षी माझा भाऊ धावेल."

हा हिशेब गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मेव्हण्याचं नाव निघताच कुराहाशींच्या पोटात दुखलं, पण ते दुखणं धरायचं नव्हतं.

"बाबा, स्नायू फक्त ओढतो, त्याला ढकलता येत नाही," दहा वर्षांची हिनाको शाळेचं पुस्तक उघडून म्हणाली. "म्हणून त्यांची जोडी असते. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं."

"आपल्या घरासारखं," कुराहाशी म्हणाले.

"मग सोडा की सैल," तोमोए म्हणाली.

रविवारी सकाळी ते जागे झाले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. काहीच दुखत नव्हतं. पोटऱ्या चाचपल्या, मांड्या दाबल्या. अंगात सहाशेच्या वर स्नायू, पण एक मेला कुरकुरेल तर शपथ!

"आई गं, मेलो!" त्यांनी मोठ्यानं आरोळी ठोकली.

तोमोएनं त्यांना अकरा औषधी पट्ट्या चिकटवल्या. घरभर कापराचा वास सुटला. कुराहाशी दिवसभर मनापासून लंगडले.

"सकाळी डावा पाय होता," संध्याकाळी हिनाको म्हणाली.

"दुखणं फिरतं आहे, बाळा."

सोमवारी सुट्टी होती आणि सासऱ्यांचं सातव्या वर्षाचं श्राद्ध. पहाटे कुराहाशी कुशीवर वळायला गेले आणि त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना. दुखणं आलं होतं! खरंखुरं, कंबरेपासून टाचेपर्यंत. आणि आज ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

"कालचं उतरलं का हो?" तोमोएनं विचारलं.

"साफ!" ते म्हणाले आणि भिंत धरून मोजे घालायला गेले.

सासूबाई त्सुरुयो शहात्तर वर्षांच्या. त्यांनी आपल्या घरी चटयांवर बुटकी स्टुलं मांडून ठेवली होती.

"जावईबापू, स्टूल घ्या."

"छे, छे! ती वयस्कर मंडळींना द्या," असं म्हणून कुराहाशी पाय दुमडून, टाचांवर ताठ बसले. (बसले कसले, कोसळले. पण सगळे वाकून नमस्कार करत असताना कोसळले म्हणून ते खपून गेलं.)

भिक्षूंनी पस्तीस मिनिटं सूत्रं म्हटली. मग एकेकानं उठून वेदीवर धूप घालायचा. सासूबाई झाल्या, तोमोए झाली, मेव्हणा उशिरा येणार होता म्हणून लगेच जावयाची पाळी आली. कुराहाशींनी मांड्यांना हुकूम सोडला. मांड्यांनी तो मानला नाही. ते हात टेकून पुढे झुकले आणि तसेच राहिले. भिक्षूंना वाटलं, हे आपल्याला वंदन करताहेत. त्यांनी उलट वंदन केलं. कुराहाशी हलले नाहीत, तेव्हा त्यांनी आणखी खाली वाकून केलं.

"पायाला मुंग्या आल्यात," कुराहाशी कसेबसे म्हणाले.

मंडळी मायेनं हसली. मुंग्या काय, विशीतल्या पोरालाही येतात. आपली अब्रू वाचली म्हणून कुराहाशींना हायसं वाटलं.

एवढ्यात सासूबाई मागे येऊन बसल्या आणि त्यांनी जावयाच्या पायाच्या तळव्यावर हळूच बोट टेकवलं. मग दुसऱ्या तळव्यावर. कुराहाशी शांत होते.

"मुंग्या आलेल्या तळव्याला बोट लावलं की माणूस छताला लागतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर गप्प बसलात."

आणि त्यांनी जावयाच्या मांडीवर प्रेमानं थाप मारली.

ती किंकाळी ऐकून शेजारचं कुत्रंही भुंकायचं थांबलं.

"सोमवार!" तोमोए म्हणाली.

"मला बाई बरं पडलं," असं म्हणत सासूबाईंनी जावयाच्या काखेत हात घालून त्यांना एका झटक्यात स्टुलावर ठेवलं. "शनिवारी शाळेत आजी-आजोबांच्या चेंडूफेकीत खेळले, त्याच संध्याकाळी खांदा दुखला. काल सकाळी मोकळीसुद्धा झाले."

हिनाकोनं आजीकडे पाहिलं. मग स्टुलावरच्या बाबांकडे पाहिलं.

"आई, मामाला धावायला नको सांगूस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बाबांच्या जागी आजी धावेल."