नाना काळमेघांचं अस्वल

नाना काळमेघांनी मला फसवलं. खांद्यावर गठ्ठा टाकून गल्लोगल्ली साड्या विकत मी सुरुवात केली आणि जबलपूरच्या बडा फुहाऱ्यावर, भर बाजारात, स्वतःचं कापडाचं दुकान उभं केलं. सुरतेच्या दलालानंही मला कधी मीटरभर कापड कमी मोजून दिलेलं नाही. आणि राइट टाउनमधल्या माझ्या या शेजाऱ्यानं, वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं, मला लहान मुलांच्या कार्टूनमध्ये फसवलं.

दुपारी नानांकडे गेलात तर ते टीव्हीसमोर पाटावर मांडी घालून बसलेले दिसतील. पडद्यावर एखादा ससा उड्या मारत असतो आणि नाना कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे संशयानं पाहत असतात.

"पाटावर काहून बसता?" मी एकदा विचारलं.

"लेकराच्या उंचीवरून पाहावं लागते, भाऊ. खुर्चीवरून सगळंच बरं दिसते."

जन्मभर त्यांनी लोकांच्या घरची वायरिंग तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते कार्टून तपासू लागले. गल्लीतल्या आया सीड्या विकत आणल्या की आधी नानांकडे पाठवत. "आधी तपासू, मग चालू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या परीक्षेत पास होणं कठीण. एका सीडीत कोल्हा कड्यावरून पडतो, चपटा होतो आणि पुन्हा उठून पळतो. नानांनी ती परत पाठवली. "पडला तर रडला काहून नाही? लेकराले वाटन, पडल्यावर लागतच नाही." दुसरीत बदकाचं पिल्लू जग फिरायला निघतं. "याची माय कुठं आहे? झोपताना लेकरानं विचारलं तर काय सांगसान?"

वयाचा त्यांचा हिशेबही वेगळा. कोणी "आमचा सहा वर्षांचा आहे" म्हटलं की नाना जन्मतारीख ऐकूनच घेत नसत. "ते राहू द्या. अंधारात मोरीत एकटा जाते का?" आई चाचरली की निकाल लागला. "मग हे नाही चालत. हत्तीचं न्या."

माझी नात मिनू तेव्हा चार वर्षांची. आईबाप दोघं नोकरीला, म्हणून ती दिवसभर आमच्याकडे. टीव्ही लावल्याशिवाय घास गिळायची नाही, आणि टीव्ही पाहून पाहून घरात येईल त्याच्या पोटात गुद्दे मारायची. मराठीत काही विचारलं तर उत्तर हिंदीत. "दादाजी, लड़ाईवाला लगाओ ना!" एकदा तिनं दुकानात एका गिऱ्हाइकाला चावलं. मग मी तिला उचलून थेट नानांकडे नेलं.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "मोरीत एकटी जाते?"

"नाही."

"मग कठीण आहे."

मी सौदा केला. माझ्याकडचा नवा सीडी प्लेयर त्यांनी ठेवायचा, त्यांचा जुना खरखर करायचा. बदल्यात रोज संध्याकाळी मिनूला एक कार्टून दाखवायचं. रोज नवं. 'रोज नवं' हे शब्द मी दोनदा म्हणालो, कारण सौद्यात मी मोघम बोलत नाही. नाना म्हणाले, "चलो, ठरलं."

आणि काम झालं, हे मी कबूल करतो. मिनू गुद्दे विसरली. रोज परत येऊन सांगायची, आज अस्वल सराफ्यात गेलं, चांदीचं वाळं घ्यायला. आज अस्वलानं घराला चुना लावला. आज अस्वलानं रजई पिंजून घेतली. मराठीत सांगायची, तेही नानांच्या मराठीत. जेवायला बोलावलं तर म्हणायची, "काहून?" माझी बायको खूश. मी मनात म्हणालो, नानांकडे अस्वलाच्या भरपूर सीड्या दिसतात.

मग एकदा मी तिला आणायला लवकर गेलो आणि दारातच थांबलो. टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर अस्वल रानातून चालत होतं, नदी ओलांडत होतं, टेकडी चढत होतं आणि शेवटी ओंडक्यावर बसून लांब पाहत होतं. पाटावर बसलेले नाना आवाज बदलून बदलून बोलत होते. अस्वल म्हणते, हलवाई म्हणते, पुन्हा अस्वल म्हणते. दुसऱ्या दिवशीही मी लवकर गेलो. तेच रान, तीच नदी, तोच ओंडका. गोष्ट तेवढी दुसरी.

एकच सीडी! महिनोन्‌महिने एकच! कापडाचं एकच ठाण रोज नवी घडी घालून दाखवण्याचा धंदा मी स्वतः केलेला आहे, आणि तोच माल माझ्या गळ्यात!

"नाना, सौदा रोज नव्याचा होता!"

"मग नवंच दाखवून राहिलो ना. तुम्ही काहून तापता? कापड तेच असते, त्याचा कुर्ता शिवा का परकर शिवा."

"बाकीच्या सीड्या कुठं गेल्या?"

"तिच्या वयाले ही एकच पास झाली. यात कोणी कोणाले मारत नाही, कोणी हरवत नाही." मग टीव्ही बंद करत म्हणाले, "दिवाळीले माझा नातू येऊन राहिला दिल्लीहून. त्याले मराठी येत नाही. म्हटलं, चित्र पाहत पाहत समजन. मिनूवर बसवून पाहत होतो."

म्हणजे फसवणूक दुहेरी. माझी नात यांच्या नातवासाठी नमुन्याचा कपडा! मी रागानं मिनूला उचललं. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा पोचवून आलो, कारण ती जेवेना.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी मिनूसोबत नानांकडे गेलो. नातू सोफ्यावर बसला होता. नानांनी नवा झब्बा घातला होता. पाटावर बसून त्यांनी सीडी लावली, आवाज बंद केला आणि सुरू झाले. "अस्वल आज स्टेशनवर चाललं. काहून चाललं? पिल्लू येऊन राहिलं गाडीनं..."

"दादू, आवाज़ तो ऑन करो."

नाना हसले. "ऐक तर, अस्वल म्हणते..."

"बाबा, समझ नहीं आता उसको," नानांचा मुलगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला. "लगा दो ना आवाज़."

नानांनी आवाज चालू केला. अस्वल कुठल्या तरी परक्या भाषेत गुरगुरलं. ते नातवालाही कळलं नाही, पण त्याची तक्रार नव्हती. अस्वल टेकडी चढून ओंडक्यावर बसलं, तेव्हा तो बाहेर फटाके पाहायला गेला होता. नाना आणि मिनू शेवटपर्यंत पाहत होते.

दिवाळीनंतर नानांनी प्लेयर पुसून माझ्याकडे परत आणला. "सौदा मोडला, भाऊ. तुमची तक्रार बरोबर होती."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वाळं, चुना, रजई, अस्वलाची ही सगळी तयारी कोणासाठी चालली होती ते. कापडाचा पोत बोटानं ओळखणारा मी, मला हे महिनोन्‌महिने दिसलं नाही.

पण माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही, फक्त आरोपीचं नाव बदललं आहे. मिनू रोज ताटावर बसून विचारते, अस्वलाचं पिल्लू गाडीतून उतरलं का? नानांना विचारायला माझी जीभ रेटत नाही. ते अस्वल अजून जबलपूर स्टेशनच्या बाकावर बसून आहे. त्याला तिथं बसवून दिल्लीला निघून गेलेल्या नानांच्या मुलानं मला सांगावं, त्याला घरी कोण आणणार? मी उत्तराची वाट पाहतो आहे, आणि या सौद्यात मी एक पैसाही सोडणार नाही.