दिलासा मिळाल्याची पोच

माणसाला घरापेक्षा दिलाशाची गरज जास्त असते. घर गळतं, दिलासा गळत नाही. हे ओळखूनच बँकेने थकलेल्या गृहकर्जदारांसाठी ‘दिलासा कक्ष’ उघडला. (खुर्च्या दोन, बसण्याजोगी एक, तिच्यावर साहेब.)

गल्लीतल्या शिंपीकाकांचा हात मोडला आणि दोन हप्ते थकले. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी मशीन, शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं. माणूस अंगाने वाढतो म्हणून शिवणीत जादा कापड सोडायचं, त्याला काका ‘माया’ म्हणत आणि तिचे पैसे घेत नसत. हे घर जाऊ नये, हप्ता थोडा कमी व्हावा, एवढंच मागायला ते कक्षात गेले.

“काका, काळजी करू नका. आम्ही आहोत ना!” साहेबांनी अर्ज घेतला आणि एक चिठ्ठी सरकवली. छापलं होतं: ‘मला दिलासा मिळाला.’ काकांना खरंच बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला? त्यांनी सही ठोकली. (दर चिठ्ठीमागे बँकेला सरकारी मदतनिधी मिळे, ते चिठ्ठीच्या मागेच छापलं होतं.)

दुसऱ्या खेपेला अर्ज हरवला होता, दिलासा मिळाला. चौथ्या खेपेला चहाही मिळाला (दिलासा क्रमांक चार-अ). सातव्या खेपेला कळलं, तीन हप्ते थकल्याशिवाय सवलत नाही. काकांनी तिसरा आज्ञाधारकपणे थकवला. आठव्या खेपेला कळलं, तीन थकले की फाइल जप्तीकडे जाते.

“साहेब, नियमात थोडी माया ठेवायची हो.”

“तशी पद्धत नाही, काका. इथे सही.”

अकराव्या सहीनंतर काका घरी आले.

“अहो, मिळाला का दिलासा?” काकूंनी विचारलं.

“अगं, अकरा वेळा!”

“मग ही माणसं आपली भांडी का मोजतायत?”

काकांनी तक्रार केली. चौकशी बसली. (चौकशी बसतेच, उठून कुठे गेल्याचं ऐकिवात नाही.) बँकेने अकरा चिठ्ठ्या मांडल्या. कर्जदारामागे सरासरी दिलासा सव्वादोन, काकांना अकरा! चौकशीने बँकेचा सत्कार केला आणि काकांना एवढंच विचारलं, “सही तुमचीच ना?”

“माझीच,” काका म्हणाले आणि त्यांना रडू आवरेना.

घर लिलावात मातीमोल भावाने गेलं. घेतल्याबद्दल तुमचं अभिनंदन, साहेब! उजेड उत्तम आहे, असं तुम्ही सगळ्यांना सांगता, ते खोटं नाही. फक्त रंग देण्याआधी खिडकीशेजारची भिंत बघा. खालून तिसरं माप तुमच्याच पँटचं आहे. पुढे लिहिलंय, ‘साहेबांची भरभराट होणार. दोन इंच माया ठेवली.’